मोगलीचा वाघ आणि आमचा वाघ



मागच्या अंकात आम्ही सुट्टीतल्या वाचनाबद्दल लिहिले होते. त्यावर काही भगिनींनी जवळपास एकच तक्रार कळवली. मुले पुस्तकाला हात लावत नाहीत आणि टीव्ही-मोबाईल सोडत नाहीत, तेव्हा त्यांनी निदान काय पाहावे आणि काय पाहू नये ते सांगा. आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आमच्याच घरात तो प्रश्न येऊन बसला.

मे महिन्यातली दुपार होती. यवतमाळच्या उन्हात घराबाहेर पाय टाकण्याची सोय नव्हती. सुट्टीसाठी आलेली भाचरे, पुतणे आणि आमची दोन मुले मिळून घरात सात पोरे. पुण्याला इंजिनिअरिंगला असलेला मोठा भाचा आला होता, त्याच्या मोबाईलवर नेटफ्लिक्स होते. त्याने ते टीव्हीला जोडले आणि 'मोगली: लेजेंड ऑफ द जंगल' हा सिनेमा हिंदीत लावला. भाभीने विचारले, "कार्टून आहे ना?" तो म्हणाला, "मोगलीच आहे, मामी." एवढ्यावर आम्ही सगळे निर्धास्त झालो आणि खरबूज कापायला बसलो.

आमच्या वयाच्या लोकांचे मोगलीशी जुने नाते आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचे. मूळ मालिका जपानी. हिंदी गाणे गुलजारसाहेबांचे, चाल विशाल भारद्वाज यांची आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीत मोहल्ल्यातल्या चपलांचा ढीग पडायचा. त्या मोगलीच्या भरवशावर आम्ही पोरांना या मोगलीसमोर बसवले.

हा मोगली वेगळा निघाला. सिनेमाच्या सुरुवातीलाच शेरखान त्याच्या आईबापाला मारतो. बाळाच्या अंगावर रक्त आहे आणि काळा बघिरा त्याला तोंडात धरून लांडग्यांकडे नेतो. पुढे मार आहे, जखमा आहेत, पिंजरा आहे. भाभी खरबुजाचे ताट घेऊन आल्या त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "बंद कर हे. रात्री कोण झोपणार?" मोठा भाचा म्हणाला, "मामी, असली गोष्ट अशीच आहे. आजवर तुम्हाला साखर घालून दिली." दोघांत चांगलीच जुंपली. सिनेमा मात्र चालू राहिला, कारण खोलीतल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने "राहू दे" म्हटले. त्या आमच्या बडी खाला. राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांची हयात गेली. मोतीबिंदूच्या तपासणीसाठी त्या आमच्याकडे आल्या होत्या. पडद्यावरचे त्यांना धूसरच दिसत होते, पण कान तल्लख. लांडग्यांची आई बोलली तशा म्हणाल्या, "ही माधुरी आहे ना?" खरोखरच तो आवाज माधुरी दीक्षितचा आहे. शेरखानला आवाज जॅकी श्रॉफचा आहे.

भाभीचे मत आणि भाच्याचे मत, दोन्ही एकट्याची नाहीत. हा सिनेमा डिसेंबर २०१८ मध्ये आला तेव्हा जगभर असेच दोन तट पडले. दिग्दर्शक अँडी सर्किस यांचे म्हणणे होते की आपल्याला किपलिंगच्या मूळ पुस्तकाच्या जवळचा, अधिक गडद सिनेमा करायचा आहे. अनेक समीक्षकांनी म्हटले की हा मुलांसाठी फार भीषण आणि मोठ्यांसाठी फार पोरकट, मग पाहायचा कोणी? अमेरिकेत तर त्याला तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी सावध राहावे असे प्रमाणपत्र मिळाले. उलट काही प्रेक्षकांना तोच आवडला. गाणी नाहीत, नाच नाही आणि जंगल जंगलासारखे आहे म्हणून.

यात गंमत अशी की दोनच वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, डिस्नेचा मोगली आला होता. तो सगळ्यांना गोड वाटला. पण आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्यालाही 'यू/ए' प्रमाणपत्र दिले होते. त्यातली जनावरे अंगावर आल्यासारखी वाटतात, मुले घाबरतील, असे बोर्डाच्या अध्यक्षांचे म्हणणे. त्यावर देशभर हसू झाले. म्हणजे मुलांना किती अंधार दाखवावा याचे माप मोठ्यांनाही एकसारखे सापडलेले नाही.

आता भाच्याच्या "असली गोष्ट" या म्हणण्याकडे येऊ. रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, आपल्या मुंबईतला. 'जंगल बुक' १८९४ मध्ये छापले गेले. त्यातले जंगल सिवनीचे आणि नदी वैनगंगा. सिवनी आपल्या नागपूरच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलाला लागून आहे. पुस्तकात शेरखान जन्मापासून एका पायाने अधू आहे. धावून शिकार जमत नाही म्हणून तो गावातली गुरे मारतो. मोगली त्याला घळीत गाठून म्हशींच्या कळपाखाली चिरडतो, त्याची कातडी सोलतो आणि लांडग्यांच्या सभेच्या खडकावर अंथरतो. गाव मात्र त्याला शाबासकी देत नाही, जादूटोणा करणारा म्हणून दगड मारून हाकलते. तेव्हा भाचा अगदी चुकीचे बोलत नव्हता. गोष्ट पहिल्यापासून कडूच होती. पुढे कार्टूनवाल्यांनी तिची धार बोथट केली.

मात्र धार असली म्हणजे गोष्ट खरी आणि नसली म्हणजे खोटी, हे काही आम्हाला पटले नाही. का पटले नाही, ते बडी खालांमुळे कळले.

शेवटी मोगली सुरीने शेरखानला मारतो. त्या क्षणी सातही पोरांनी टाळ्या वाजवल्या. बडी खाला गप्प होत्या. धाकट्या पुतण्याने विचारले, "खाला, आवडले नाही?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मारली तेव्हा असेच केले होते बेटा. फटाके फोडले, मिठाई वाटली. मीपण खाल्ली. मग कोणीतरी बोलले, उस के दो बच्चे थे."

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकांना पुढचे सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-१ नावाची एक वाघीण होती. लोक तिला अवनी म्हणत. २०१६ ते २०१८ या काळात त्या टापूत वाघाच्या हल्ल्यात १३ माणसे गेली आणि ती तिच्या नावावर लागली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये वनविभागाच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. मग बंदूकवाले आले, हत्ती आले, कुत्री आली, ड्रोन आले. वाघिणीला ओढून आणायला परदेशी अत्तर शिंपडल्याचीही बातमी झाली. आणलेल्यांपैकी एक हत्ती सुटून पळाला आणि त्याच्या पायी एका बाईचा जीव गेला. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ, वाघीण गोळीने मारली गेली. शिकारी हैदराबादचे होते. बेशुद्ध करता आले असते की नाही आणि नियम पाळले की नाही, यावर पुढे मोठा वाद झाला.

त्या दिवसांची हकीकत बडी खालांनी पोरांना सांगितली. कापूस फुटून बोंडे लोंबत होती आणि वेचणीला बाया मिळत नव्हत्या. मिळाल्या तर घोळक्याने जायच्या आणि दोन माणसे काठ्या घेऊन बांधावर उभी राहायची. जागलीला जाणाऱ्यांनी रात्रीचे शेत सोडले आणि रानडुकरांनी पीक खाल्ले. पोरांना शाळेत सोडायला माणसे जायची. बकऱ्या दिवसभर दावणीला. फजरच्या नमाजला निघताना एकजण टॉर्च धरायचा आणि दुसरा डबा वाजवायचा. खाला म्हणाल्या, "तिच्यावर राग होता. फार राग होता. ज्या घरचे माणूस गेले त्या घरी जाऊन बसलो आहोत आम्ही. पण तिला सिनेमातल्या वाघासारखी अक्कल नव्हती रे. ती बदला घेत नव्हती. ती पोरे वाढवत होती."

सिनेमा आणि ही हकीकत शेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. किपलिंगच्या गोष्टीत जंगलाचा एक कायदा आहे. माणसाला मारायचे नाही. कारण सांगितले आहे ते असे की माणूस मारला की आज ना उद्या हत्तींवर बसून बंदूकवाले येतात, मागून मशाली आणि ढोल घेऊन शेकडो माणसे येतात, आणि सगळ्या जंगलाला भोगावे लागते. १८९४ च्या पुस्तकातली ही गोष्ट २०१८ मध्ये आमच्या जिल्ह्यात, हत्तींसकट, जशीच्या तशी घडली.

आणखी एक योग पाहा. वाघीण मेली २ नोव्हेंबरला. सिनेमा नेटफ्लिक्सवर आला ७ डिसेंबरला. आणि तिची मादी बछडी वनविभागाने पकडली २२ डिसेंबरला. म्हणजे आईबाप वाघाने मारलेला माणसाचा बच्चा जग पाहत होते, तेव्हा आमच्या रानात माणसाने आई मारलेले वाघाचे बच्चे फिरत होते. त्या बछडीला नेले कुठे, तर पेंचला, मोगलीच्या मुलखाला लागूनच. दोन वर्षांहून अधिक काळ कुंपणातल्या जंगलात तिला शिकार शिकवली. मार्च २०२१ मध्ये मोकळे सोडले. काही दिवसांतच झुंजीत जखमी होऊन ती मेली. गोष्टीत जनावरांनी वाढवलेला माणूस तगला. प्रत्यक्षात माणसांनी वाढवलेले जनावर तगले नाही. हे ऐकल्यावर मघाशी टाळ्या वाजवणारी आमची पोरे एकदम शांत झाली.

आमच्या मते गडद गोष्टीची कसोटी इथे आहे. शेरखानला फक्त वाईट करून टाकले की टाळ्या वाजवायला सोपे जाते. या सिनेमात रक्त पुष्कळ आहे, पण वाघाच्या बाबतीत तो जुन्या कार्टूनइतकाच भाबडा आहे. शेरखान क्रूर, कारण तो क्रूर.  बडी खालांची वाघीण दोन्हींपेक्षा भयंकर होती आणि दोन्हींपेक्षा समजण्यासारखीही.

तरीही सिनेमात दोन जागा अशा आहेत की आम्ही तो मुलांना दाखवल्याचा पस्तावा करत नाही.

पहिली जागा शिकारीची. बघिरा मोगलीला शिकवतो की मौजेसाठी कधी मारू नकोस आणि मारशील त्या जनावराच्या डोळ्यांत बघ, म्हणजे त्याचा जीव एकटा जाणार नाही. आमची मोठी मुलगी लगेच म्हणाली, "हे तर बकरी ईदला अब्बा सांगतात तसेच आहे." आपल्या घरातली मुले जनावराचा जीव जाताना पाहतात. त्याच्यासमोर सुरीला धार लावायची नाही, दुसऱ्या जनावरासमोर कापायचे नाही, धार चांगली हवी, त्याला तहानलेले ठेवायचे नाही, अल्लाहचे नाव घेतल्याशिवाय सुरी फिरवायची नाही, हा अदब ती लहानपणापासून ऐकतात. म्हणून मृत्यू पाहिला की मूल बिघडते, हे आम्हाला सरसकट मान्य नाही. ज्या मृत्यूत रहम आहे, मर्यादा आहे, आणि शेजारी हात धरायला मोठे माणूस आहे, तो पाहून मूल सावध आणि नरम होते. ज्यात नुसती मजा आहे, तो पाहून निबर होते. मोबाईलवरच्या खेळात दिवसाला पन्नास माणसे मारणारा मुलगा घाबरत नाही. त्याची काळजी आम्हाला जास्त वाटते.

दुसरी जागा कळपातल्या भूतची. भूत हे लांडग्याचे पांढरे, रोडके पिल्लू. रंगावरून, दुबळेपणावरून सगळे त्याला हिणवतात. मोगलीचा तो एकुलता एक दोस्त. एकदा रागाच्या भरात मोगली त्याला नको ते बोलतो. तू वेगळा वगैरे काही नाहीस, तू जन्मालाच चुकीचा आलास, असे. नंतर माणसांच्या गावात, शिकाऱ्याच्या घरात मेलेल्या जनावरांच्या ओळीत, त्याला तोच भूत पेंढा भरून ठेवलेला दिसतो. भाभी म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे आमची धाकटी त्या रात्री खरेच झोपली नाही. आम्हाला वाटले, वाघाने घाबरली. जवळ घेऊन विचारले तर म्हणाली, "त्याला सॉरी म्हणायचे राहून गेले ना. आता कोणाला म्हणणार?"

आम्ही मोठी माणसे रक्ताला घाबरलो होतो आणि मूल शब्दाला घाबरले होते.

शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या वर्गात आम्ही हा विषय काढला. सिनेमा दाखवला नाही, गोष्ट सांगितली. काहींनी तो आधीच पाहिलेला होता. सांगितले की उर्दूत लिहा किंवा मराठीत, चुका धरणार नाही, जे वाटले ते लिहा. मते तऱ्हेतऱ्हेची आली. एकाने लिहिले, जुना मोगली बरा, तो हसतो तरी. एका मुलीने लिहिले की हत्ती शिकाऱ्याला मारतात तेव्हा तिला बरे वाटले आणि बरे वाटल्याचे वाईट वाटले. टिपेश्वरच्या बाजूच्या गावातून येणाऱ्या एका मुलाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. सिनेमातला वाघ बोलतो, म्हणून भीती वाटत नाही. आमच्याकडचा बोलत नाही. आणि वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी भूतबद्दल लिहिले होते.

त्या वह्या तपासताना आमची लेखणी एका ठिकाणी अडली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडपाठ करायला सांगितले की अडखळायचा. एकदा तपासणी तोंडावर होती, आमचे डोके तापलेले होते, आणि सगळ्या वर्गासमोर आम्ही त्याला म्हणालो, "तुझ्याच्याने काही व्हायचे नाही. तू जागा अडवून बसला आहेस." वर्ग हसला. तोही हसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. त्याचे घर वीटभट्टीच्या कामाला बाहेरगावी गेले, असे शेजाऱ्यांनी सांगितले. शाळा कशाने सुटली, घरच्या गरजेने की आमच्या बोलण्याने, ते आम्हाला कधी कळणार नाही. बी.एड.च्या वर्गात बालमानसशास्त्राचा पेपर आम्ही चांगल्या गुणांनी पास झालो होतो. हे सर्व आम्ही सातवीच्या मुलांना सांगितले. सांगताना मान खाली होती, तशी लिहितानाही आहे.

आता ज्या भगिनींनी विचारले त्यांच्यासाठी, आमच्या अनुभवातून निघालेले सांगतो.

हा सिनेमा सहा-सात वर्षांच्या मुलांना दाखवू नका. त्यांच्यासाठी जुना मोगली आहे, तोच बरा. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांना दाखवायला हरकत नाही, पण त्यांच्याजवळ बसून पाहा. पोरांना टीव्हीसमोर सोडून आम्ही स्वयंपाकघरात गेलो होतो, ती आमची चूक. सिनेमा संपला की लगेच उठू नका. "काय शिकलास?" असा परीक्षेचा प्रश्न विचारू नका. "कोणाचे वाईट वाटले?" एवढेच विचारा, आणि मग मूल बोलेल तितका वेळ ऐका. मूल ज्याला घाबरले असे तुम्हाला वाटते, त्याला ते बहुधा घाबरलेले नसते. आणि घरात कोणी बुजुर्ग असतील तर त्यांनाही पाहायला बसवा. आमच्या घरात त्या दिवशी सगळ्यात मोठा सबक सिनेमाच्या नंतर मिळाला, आणि तो बडी खालांनी दिला.

भाभी आणि भाचा यांचा वाद मिटलेला नाही. भाभी अजून म्हणतात, "मुलांना वेळ येईल तेव्हा दुनिया कळेल, आत्ताच कशाला?" त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. बोराटीच्या बाजूच्या मुलांना मात्र दुनियेने विचारून वेळ दिली नव्हती.

त्या रात्रीचे सांगायचे राहिले. धाकटी झोपत नव्हती, तेव्हा बडी खालांनी तिला आपल्या अंथरुणात घेतले. तिने विचारले, "खाला, तुमच्याकडे वाघ होता तेव्हा तुम्ही झोपायच्या कशा?" खाला म्हणाल्या, "एकटी कधी झोपलेच नाही बेटा. मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया-पोरी एका घरात. कोणी दुआ पढायची, कोणी घोरायची. रुकय्याच्या घोरण्याला तर वाघपण पळाला असता." अंधारात आधी एक हसू ऐकू आले, मग दुसरे. थोड्या वेळाने आम्ही पाहायला गेलो तेव्हा दोघीही झोपल्या होत्या.

पुढच्या अंकात आपल्या बुजुर्गांकडून ऐकलेल्या गोष्टींवर लिहिण्याचा विचार आहे. तुमच्या नानी-दादीची अशी एखादी गोष्ट असेल, वाघाची, पुराची, दुष्काळाची, कशाचीही, तर लिहून पाठवा. आणि ज्याला माफी मागायची राहिली आहे तो माणूस अजून गावात असेल, तर आमच्यासारखा उशीर करू नका.

अल्लाह हाफिज.